कोणाचे अकरा?

गोव्याच्या मुरगाव बंदरात क्रूझ सकाळी सातला धक्क्याला लागली, म्हणजे आठला बस सुटेल असं पाहुण्यांना वाटतं. तसं होत नाही. ई-व्हिसावर आलेल्या प्रत्येकाला इमिग्रेशनच्या टेबलासमोर स्वतः उभं राहावं लागतं, बहुतेकांना बोटांचे ठसेही द्यावे लागतात. त्यानंतर हातात लँडिंग कार्ड पडतं, आणि ते दाखवल्याशिवाय सीआयएसएफचे (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचे) जवान फाटकातून सोडत नाहीत. संध्याकाळी आत येतानाही तेच कार्ड लागतं. म्हणून त्यांचा गाइड या नात्याने मी बस हलण्याआधी प्रत्येकाला कार्ड हातात धरून दाखवायला लावतो. ‘आहे, बॅगेत आहे’ हे उत्तर मी मानत नाही.

एका वर्षी २६ जानेवारी रविवारी आली. गोव्यातल्या गाइडसाठी यापेक्षा अवघड जुळणी नाही. रविवारी सकाळी जुन्या गोव्यातल्या बॉम जेझस बॅसिलिकात मीस (चर्चमधली प्रार्थना) असतात, पर्यटकांना साडेदहाच्या सुमारास आत सोडतात. पणजीत सकाळी झेंडावंदन आणि संचलन, त्यामुळे वाहतूक वळवलेली. बँका बंद, पणजीची बहुतेक दुकानंही बंद. एरवीचा जुने गोवे, पणजी, मग मंगेशी हा क्रम त्या दिवशी चालणार नव्हता. आम्ही तो बदलला: वेर्णा, लोटली, बोरीचा पूल, फोंडा, आधी मंगेशी. मग जुने गोवे, आणि संचलन आटोपलं की पणजी. परतीला झुवारीचा नवा पूल.

बस ४५ आसनांची, पाहुणे ३८. मी डोकी मोजत नाही, रिकाम्या जागा मोजतो. सात रिकाम्या दिसल्या की सगळे आले. डोकी हलतात, वाकतात, एकाच्या आड दुसरं लपतं. रिकामी सीट जागची हलत नाही.

सव्वाआठला निघायचं ठरलं होतं, निघालो नऊ वाजून पाच मिनिटांनी. मंगेशीला पोचायला दहा वाजून वीस मिनिटं झाली. सांगितलं, ‘अकरा वाजता बसजवळ.’ विदेशी पाहुण्यांनी देवळात कुठपर्यंत जायचं, कपडे कसे हवेत, हे देवस्थान ठरवतं. ते आदल्या दिवशीच विचारून घ्यावं, दारात वाद घालण्यात अर्थ नाही. खांदे झाकायला दहा साध्या ओढण्या मी पिशवीत ठेवतोच. सात मजल्यांचा दीपस्तंभ आणि तळी आवारातूनही नीट दाखवता येतात. चप्पल मात्र बसमध्येच काढून ठेवू देऊ नये. पार्किंगपासूनची वाट उन्हात तापते, आणि सवय नसलेले पाय पोळले की तो माणूस दिवसभर लंगडतो.

अकरा वाजले. रिकाम्या जागा एकोणीस. बारा माणसं नाहीत. हरवलं म्हणावं तर एखादं जोडपं हरवतं, बारा जण एकदम नाही. साडेअकराला ते सगळे आरामात, शहाळं पीत आले. एका आजोबांनी मनगट पुढे केलं: घड्याळात बरोबर अकरा.

जहाज मालदीवहून आलं होतं. माले आपल्यापेक्षा अर्धा तास मागे, आणि जहाजाने आपली वेळ बदललीच नव्हती. ज्यांचे फोन इथल्या नेटवर्कला लागले त्यांना आपले अकरा दिसले. ज्यांचे फोन रोमिंगच्या खर्चाला घाबरून विमान मोडवर होते, आणि ज्यांच्या मनगटावर साधं घड्याळ होतं, ते जहाजाच्या वेळेवर चालत होते. चूक माझीच. सकाळी पहिल्या वाक्यात ‘माझं घड्याळ बघा, आपली वेळ ही’ एवढं म्हणायला हवं होतं. आता मी हाताएवढ्या पुठ्ठ्याचं घड्याळ बसच्या दारात टांगतो आणि प्रत्येक थांब्यावर त्याचे काटे लावून दाखवतो.

अर्धा तास गेला तो गेला. परतीच्या कागदावर शेवटची वेळ साडेचार लिहिलेली. ती इथली धरली तर पणजीतली फोंतेन्यास ही जुनी वस्ती गाळावी लागणार होती. मी जहाजाच्या एजंटला फोन केला. उत्तर आलं: साडेचार ही जहाजाची वेळ. म्हणजे आपले पाच. मंगेशीला गमावलेला अर्धा तास बंदरावर आमची वाट पाहत होता. पण हे अंदाजाने धरू नये. जहाज पुढच्या वेळेवर असतं तर तोच हिशोब उलटा बसला असता, आणि जहाज स्वतःच्या सहलीच्या बससाठी थांबतं, बाहेरून भाड्याने घेतलेल्या टॅक्सीसाठी नाही.

जुन्या गोव्यात बाराच्या पुढे पोचलो. सुट्टीची रांग मोठी, म्हणून बाहेर सावलीत उभं राहूनच सगळं सांगून टाकलं: १६०५ मध्ये पूर्ण झालेली वास्तू, विसाव्या शतकात गिलावा काढल्यावर उघडा पडलेला जांभा, आत चांदीच्या पेटीतलं सेंट फ्रान्सिस झेवियरचं शव. आत बोलायचं नाही, फक्त हात दाखवायचा. इथेच दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: आजचा दिवस म्हणजे पोर्तुगिजांपासून सुटका का? उत्तर तारखांनी द्यावं. १५ ऑगस्ट १९४७ आणि २६ जानेवारी १९५० या दोन्ही दिवशी गोवा पोर्तुगिजांकडेच होता. मुक्ती १९ डिसेंबर १९६१ ची, घटकराज्य ३० मे १९८७ चं. संविधान जिथे जवळपास बारा वर्षं उशिरा आलं तिथे त्याचा दिवस साजरा होतोय, हे ऐकून लोक फोन खाली ठेवतात.

जेवण ठरलेल्या ताटाचं, आधी सांगून ठेवलेलं: भात, माशाची कमी तिखट कढी, सोलकढी. मद्य त्या दिवशी मिळेल का, हे हॉटेललाच आधी विचारावं. बारक्या नोटांची चळत माझ्याजवळ असते, कारण शहाळेवाला क्यूआर कोड पुढे करतो आणि पाहुण्याजवळ फक्त युरो.

फोंतेन्यासात मोठी बस शिरत नाही. पाटो भागात उतरवून ओढ्यावरच्या पादचारी पुलाने चालत नेलं. पाऊण तास. दारात, खिडकीत, जिन्यावर चढून फोटो काढायचे नाहीत, ही लोकांची राहती घरं आहेत, हे पुलावरच बजावलं. तिथे पोचल्यावर कोणी ऐकत नाही.

साडेतीनला पाटो भागात बसमध्ये सात रिकाम्या जागा. झुवारी ओलांडून कुठ्ठाळी लागली तेव्हा सांगितलं, सकाळचा मंगेश मुळात इथला, १५६० मध्ये भाविकांनी तो नदीपलीकडे नेला. सगळे खिडकीकडे वळले. मी मधल्या वाटेने कागदी तिरंगे गोळा करत गेलो. सिग्नलला मुलांकडून घेतलेले, निम्मे सीटखाली पडलेले. ध्वजसंहितेप्रमाणे ते जमिनीवर टाकता येत नाहीत, आणि जहाजावर गेले की कचऱ्यात जाणार. तेवीस निघाले. फाटकावर पोचलो तेव्हा माझ्या मनगटावरच्या घड्याळात चार चाळीस झाले होते. आजोबांच्या घड्याळात चार दहा.