एल्बेच्या पलीकडचा काठ

जर्मनीतलं हांबुर्ग शहर दर मे महिन्यात आपल्या बंदराचा वाढदिवस साजरा करतं. तारीख ७ मे, साल ११८९. त्या दिवशी सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने सनद देऊन इथल्या व्यापाऱ्यांना एल्बे नदीवर थेट उत्तर समुद्रापर्यंत जकातमाफी दिली, अशी कथा आहे. गंमत अशी, की जपून ठेवलेली ती सनद बनावट निघाली. तेराव्या शतकात शहराच्याच सोयीसाठी ती मागाहून तयार केलेली आहे. हे इतिहासकारांनी केव्हाच सांगून झालंय आणि शहराला त्याचं काडीचंही वाटत नाही. १९७७ पासून हा वाढदिवस जत्रेसारखा भरतो, टगबोटी पाण्यावर गिरक्या घेतात आणि लाखो लोक काठावर उभे राहतात.

मी मुद्दाम ते दिवस टाळून गेले. जत्रेच्या दिवशी कुठलंही बंदर लोकांचंच वाटतं. एरवीच्या मंगळवारी, पावसाच्या बारीक सरी चालू असताना ते कोणाचं असतं, हे मला बघायचं होतं.

हांबुर्ग समुद्रावर नाही. समुद्र तिथून शंभरेक किलोमीटर लांब आहे आणि जहाजं भरतीच्या पाण्याबरोबर नदीतून आत येतात. जगातल्या बहुतेक मोठ्या बंदरांनी खोल पाण्याच्या शोधात शहराकडे पाठ फिरवली, कुंपणं घातली आणि ती नजरेआड गेली. इथे मात्र उत्तर काठावर शहर आणि दक्षिण काठावर बंदर अशी समोरासमोर मांडणी टिकून आहे. मध्ये फक्त नदी. त्यामुळे पलीकडच्या यारीने, म्हणजे क्रेनने, कंटेनरचा डबा उचलला की अलीकडे गॅलरीत बसलेल्या माणसाला तो दिसतो, आणि आदळला की ऐकूही येतो.

या दोन काठांना जोडणारी मला सगळ्यात आवडलेली गोष्ट जमिनीखाली आहे. लांडुंग्सब्र्यूकनच्या धक्क्यालगत घुमटाची एक दगडी इमारत आहे. तिच्यातून लिफ्टने किंवा जिन्याने सुमारे २४ मीटर खाली उतरायचं आणि ४२६ मीटर लांबीच्या बोगद्यातून नदीखालून चालत पलीकडे श्टाइनव्हेर्डरला निघायचं. हा जुना एल्बे बोगदा १९११ साली उघडला. पलीकडे जहाजबांधणीचे कारखाने आणि धक्के वाढत गेले, हजारो कामगार अलीकडे राहायचे आणि धुक्यात किंवा बर्फ साचल्यावर त्यांच्या बोटी अडायच्या. म्हणजे बोगदा बांधला तो कामगार पाळीवर वेळेत पोचावा म्हणून. दाबाखालच्या हवेत खोदकाम करताना काही मजुरांचा जीव गेला. भिंतीवरच्या फरशांमध्ये मासे, खेकडे, एवढंच काय, उंदरांचीही उठावचित्रं बसवलेली आहेत. नदीत जे जे सापडतं त्याची इतकी प्रामाणिक यादी मी दुसऱ्या कुठल्या सरकारी बांधकामात पाहिली नाही.

पायी किंवा सायकलने जाणाऱ्याला तिकीट नाही, आणि बोगदा रात्रंदिवस उघडा असतो. आता मोटारींना मनाई आहे. मी उतरले तेव्हा संध्याकाळ होती. सायकलवाले घंटी वाजवत पुढे निघून जात होते आणि एक बाई बाबागाडी ढकलत फोनवर कुणाशी तरी भांडत चालली होती. पर्यटक कोण हे लगेच कळत होतं: फक्त आम्हीच फरशांचे फोटो काढत होतो.

पाण्यावरून जायचं तर फेरी आहे. ६२ क्रमांकाची फेरी लांडुंग्सब्र्यूकनहून फिंकेनव्हेर्डरला जाते आणि तिला शहराच्या बस-रेल्वेचंच तिकीट चालतं. शेजारच्या धक्क्यावर बंदरसफरीच्या बोटींचे दलाल हाका मारत असतात. त्यांच्याकडे न बघता सरळ फेरीत चढावं. वरच्या डेकवर कॅमेरेवाले उभे असतात. खाली काचेआड रोजचे प्रवासी डोळे मिटून बसतात, त्यांना बाहेरचं काही बघायचं नसतं.

वाटेत ओवेलग्योनेला उतरले. जुन्या कप्तानांची आणि वाटाड्या नाविकांची बुटकी घरं, समोर पायवाट, तिच्याखाली चक्क वाळूचा किनारा, आणि बरोब्बर समोर बुर्खार्डकाय हा कंटेनरचा धक्का. ३१ मे १९६८ रोजी अमेरिकन लान्सर हे पहिलं पूर्ण कंटेनरवाहू जहाज हांबुर्गला लागलं ते तिथेच. तोवर पोती, पेट्या, पिंपं माणसांच्या खांद्यावरून उतरत आणि गोदी कामगारांच्या टोळ्या एकेका जहाजावर कित्येक दिवस राबत. डबे आले आणि ती गर्दी काही वर्षांत विरली. आज वाळूत बसलेली माणसं पलीकडच्या निळ्या-लाल डब्यांकडे निवांत बघत असतात. त्यांच्यापैकी कितीजणांच्या घरातलं कोणी तिथे कामाला असेल? मला वाटतं, फार थोड्यांच्या. जवळीक आहे ती डोळ्यांची. पोटाचं नातं बरंच सैल झालंय.

याच किनाऱ्यावर २१७ टन वजनाचा एक दगड ठेवलाय. हिमयुगात बर्फाबरोबर स्वीडनकडून आलेला हा धोंडा १९९९ मध्ये नदी खोल करताना तळाशी सापडला. लोक त्याच्यावर चढून फोटो काढतात. पण नदी सारखी खोल करत राहावी लागते हा इथला खरा वाद आहे. जहाजं मोठी होत गेली तशी एल्बे पुन्हा पुन्हा उकरली गेली. मागच्या वेळी पर्यावरण संघटना कोर्टात गेल्या आणि काम वर्षानुवर्षं लांबलं. गाळ पुन्हा भरतो, पुन्हा काढावा लागतो. तो टाकायचा कुठे, यावर शेजारच्या राज्यांशी कुरबुर चालूच असते.

स्पायखरश्टाटबद्दल मी थोडक्यातच लिहिते, कारण त्याचे फोटो सगळ्यांनी पाहिलेले असतात: लाल विटांची उंच गोदामं, मधून कालवे, २०१५ पासून युनेस्कोच्या यादीत. फोटोत न दिसणारी गोष्ट अशी की १८८८ मध्ये हांबुर्ग जर्मन जकात संघात सामील झालं, त्या बदल्यात त्याला मुक्त, म्हणजे जकात नसलेल्या, बंदराचा एक पट्टा मिळाला, आणि गोदामांसाठी त्या पट्ट्यातली वस्ती साफ करण्यात आली. सुमारे वीस हजार माणसं हलवली गेली, त्यांत गोदीवर पोट असलेलेही पुष्कळ. कामाच्या जागेपासून लांब गेलेली ही कुटुंबं शहराच्या इतर दाट वस्त्यांमध्ये मिळेल तिथे घुसली. १८९२ च्या पटकीच्या साथीत शहरात साडेआठ हजारांहून अधिक लोक मेले, त्यात गोरगरिबांचा वाटा मोठा. हांबुर्ग एल्बेचं पाणी न गाळता नळाला सोडत होतं. शेजारच्या आल्टोनाने वाळूच्या गाळण्या बसवल्या होत्या, तिथे साथ फारशी पसरली नाही. इकडे साथ जाहीर करायला दिरंगाई झाली, कारण जाहीर केलं की बंदर बंद पडणार.

गोदामांना लागून आता हाफेनसिटी उभी आहे. जुने धक्के मोकळे झाले तिथे घरं, कचेऱ्या, विद्यापीठ आणि कोकोच्या जुन्या वखारीच्या डोक्यावर बसवलेलं एल्बफिलहार्मोनी हे संगीतगृह. देखणं आहे, वाद नाही. पण १९९७ मध्ये या नव्या वस्तीची योजना जाहीर झाली तेव्हा हिशेब असा होता, की जुन्या धक्क्यांची जमीन विकून येणाऱ्या पैशातून पलीकडे नवा कंटेनर धक्का बांधायचा. तो धक्का आल्टेनव्हेर्डरला झाला. म्हणून मी आल्टेनव्हेर्डरला गेले.

आल्टेनव्हेर्डर हे मच्छीमारांचं आणि फळबागांचं जुनं गाव होतं. १९६१ च्या कायद्याने ते बंदराच्या वाढीसाठी राखून ठेवलं गेलं. म्हणजे गाव जागेवर, पण नवं बांधकाम नाही, की दुरुस्तीला उत्साह नाही. १९७३ मध्ये गाव रिकामं करण्याचा निर्णय झाला. शहराने एकेक घर विकत घेतलं आणि पाडलं. दोन हजारांवर माणसं पांगली. काही शेवटपर्यंत अडून राहिले, कोर्टात गेले. शेवटची मंडळी १९९८ मध्ये निघाली आणि २००२ मध्ये धक्का सुरू झाला.

गावातलं उरलंय ते सेंट गेर्ट्रूड चर्च आणि त्याचं कब्रस्तान. एका बाजूला महामार्ग, दुसऱ्या बाजूला पवनचक्क्या आणि यार्‍या, मध्ये झाडांची दाट राई आणि तिच्यात हे चर्च. प्रार्थना अजून होतात, माणसं त्यासाठी दुसऱ्या वस्त्यांमधून येतात. मी पोचले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ थडग्यावरची पानं गोळा करत होते. माझ्या मोडक्या जर्मनवर त्यांनी दया केली आणि सावकाश बोलले. आईवडील इथेच आहेत, म्हणाले. आणि घर? त्यांनी दाताळ्यानेच डब्यांच्या भिंतीकडे दाखवलं. मी विचारलं, राग येतो का. ते म्हणाले, भाऊ पुढे बंदरातच नोकरीला लागला, मग राग कोणावर करायचा? आणि पुन्हा पानं ओढायला लागले.

त्या डब्यांच्या भिंतीमागे माणूस अगदी कमी आहे. यार्‍यांपासून रचणीपर्यंत डबे वाहून नेणाऱ्या गाड्यांना चालक नसतो. जमिनीत पुरलेल्या खुणांच्या आधाराने त्या आपापल्या वळतात. गाव उठवताना रोजगाराचं कारण पुढे केलं गेलं होतं, आणि बंदर अजूनही हजारो लोकांना काम देतं हे खरंच आहे. पण ते काम आता कचेऱ्यांत, ट्रकांत, रेल्वेत, जहाजांच्या दलालीत आणि संगणकांसमोर पसरलंय. धक्क्यावर ते दिसत नाही.

जवळच मूरबुर्ग आहे. तेही बंदराच्या वाढीच्या नकाशात कित्येक दशकं अडकलेलं, पण अजून उभं असलेलं गाव. खिडक्यांत झेरेनियम, कुंपणावर विरोधाचे फलक. त्याच्या बाजूला २०१५ मध्ये कोळशाचं मोठं वीजकेंद्र सुरू झालं आणि २०२१ मध्ये बंदही पडलं. आल्टेनव्हेर्डर आधी पाहिलं असलं की मूरबुर्गच्या रस्त्यावर चालताना प्रत्येक रंगवलेलं दार हट्टाने रंगवल्यासारखं वाटतं.

बंदर कोणाचं, हा प्रश्न इथे पुस्तकी नाही. एचएचएलए या धक्के चालवणाऱ्या कंपनीचे बहुसंख्य समभाग शहराच्या हाती होते. कंपनीतला जवळपास निम्मा वाटा एमएससी या जहाज कंपनीला द्यायचं ठरलं, तेव्हा २०२३ मध्ये गोदी कामगार रस्त्यावर उतरले. २०२४ मध्ये शहराच्या विधानसभेने मंजुरी दिली. शहराकडे निम्म्याहून किंचित जास्त राहिलं.

या सगळ्यात एक मंडळी अशी, की ज्यांना शहर आपलं मानेल असं कोणतंही कारण नाही. ते म्हणजे जहाजावरचे खलाशी. त्यांच्यासाठी व्हाल्टर्सहोफला, धक्के, रूळ आणि ट्रकच्या रस्त्यांच्या बेचक्यात, डुकडाल्बेन नावाचा क्लब १९८६ पासून चालतो. चर्चशी जोडलेली खलाशी सेवासंस्था तो चालवते. कामाला स्वयंसेवक पुष्कळ. त्यांच्या व्हॅन जहाजाच्या शिडीपाशी जातात, खलाशांना घेऊन येतात आणि वेळेत परत पोचवतात. आत बिलियर्ड, सिमकार्ड, घरी पैसे पाठवायची सोय, गिटार, टेबल टेनिस. वर एक शांत खोली आहे, तिच्यात वेगवेगळ्या धर्मांचे छोटे छोटे कोपरे शेजारी शेजारी मांडलेत. कोविडच्या काळात खलाशांना उतरायला मनाई होती, तेव्हा क्लबचे लोक सामान शिडीपाशी नेऊन देत. सागरी कामगारांच्या २००६ च्या आंतरराष्ट्रीय करारात अशा सोयींचा उल्लेख आहेच, पण करारामुळे कोणी रात्री दहाला पावसात व्हॅन चालवत नाही.

मी फोनवर बोलत होते ते ऐकून कोपऱ्यातला एक तरुण उठून आला.

"ताई, तुम्ही मराठी का? इथे कशा काय?"

इंजिनरूममध्ये होता. जहाज रात्री लागलं, पहाटे सुटणार. हाताशी मोजके तास.

"शहर बघितलंस का?"

"कुठलं हो! गाडी लावून जायचं, बघायचं, यायचं, तेवढा वेळ नाही मिळत. आणि दमायला होतं. इथे बसलो, घरी व्हिडिओ कॉल केला, बस. आम्ही आपसात बंदरांना मार्क देतो ना, ते यावरच. व्हॅन शिडीपर्यंत येते का, आणि वायफाय चालतं का."

"हांबुर्गला किती मार्क?"

"वायफायचे पूर्ण. पावसाचे कापले."

मग तो चार्जर शोधायला गेला आणि मी परतीच्या बसच्या मागे लागले.

जाणार असाल तर वेडेलचं विल्कोम-ह्योफ्ट हे जहाजांना सलामी देण्याचं ठिकाणही करा. एस-बान या लोकल गाडीने शेवटच्या स्थानकापर्यंत जायचं आणि तिथून नदीपर्यंत चालायचं. १९५२ पासून इथे येणाऱ्याजाणाऱ्या मोठ्या जहाजांना झेंडा लववून सलामी देतात आणि जहाजावर ज्या देशाचा झेंडा असेल त्याचं राष्ट्रगीत वाजवतात. मालक एका देशाचा, खलाशी चार देशांचे आणि झेंडा जिथे नोंदणी सोयीची पडते त्या देशाचा, अशी हल्लीची रीत असल्यामुळे लायबेरिया आणि पनामाची राष्ट्रगीतं कानावर बरीच पडतात. निवेदक ध्वनिक्षेपकावर जहाजाची लांबी, वजन, कुठून आलं ते सांगतो. जमलेले आजी-आजोबा हात हलवतात. डेकवर कोणी दिसलंच तर तेही हलवतात. जायच्या आधी भरतीची वेळ बघून ठेवा, कारण सगळ्यात अवजड जहाजं तिच्याबरोबरच आत येतात. ओहोटीला गेलात तर छोट्या बोटी आणि बगळे एवढंच मिळेल.