तीन कार्बोरेटरांची जीटीओ

जुन्या अमेरिकी गाड्या तपासून त्यांच्या विम्यासाठी मूल्यांकनाचा अहवाल लिहिणे हे मिशिगनमधल्या आमच्या कार्यशाळेचे नेहमीचे काम आहे. मात्र १९६५ सालची पॉन्टिअक जीटीओ तपासायला आली, की त्या दिवशी मी दुसरे काम हाती घेत नाही. मध्यम आकाराच्या गाड्यांत ३३० घनइंचांहून मोठे इंजिन बसवायचे नाही, असा नियम जनरल मोटर्सने स्वतःवर घालून घेतला होता. जॉन डीलोरियन, बिल कॉलिन्स आणि रस गी या जनरल मोटर्सच्याच पॉन्टिअक विभागातल्या अभियंत्यांनी त्यातून वाट काढली. ३८९ घनइंचांच्या इंजिनाची स्वतंत्र गाडी न आणता त्यांनी ते इंजिन लमान्स या गाडीवर सुमारे ३०० डॉलरचा जादा संच म्हणून १९६४ साली देऊ केले, आणि त्या संचाचेच नाव जीटीओ. त्यामुळे १९६५च्या जीटीओचा कारखान्याने दिलेला ओळख क्रमांकही साध्या लमान्ससारखाच २३७ने सुरू होतो, आणि २४२ हा तिचा स्वतःचा आकडा तिला १९६६मध्ये मिळाला. बॉनेट, जाळी, पाट्या, फार काय, अख्खे इंजिनही मागाहून बदलता येते, म्हणून केवळ गाडीकडे पाहून ती अस्सल आहे असे कोणी छातीठोकपणे सांगू लागला, तर मी त्यावर विश्वास ठेवत नाही.

त्या दिवशी गाडी घेऊन आलेले गृहस्थ ऐंशीच्या घरातले होते. डेट्रॉइटच्या वुडवर्ड अ‍ॅव्हेन्यूवर रात्री गाड्यांच्या शर्यती लागत, त्या काळात ते त्याच परिसरात वाढले होते, आणि ही गाडी त्यांनी तरुणपणी एका परिचिताकडून विकत घेतली होती. तिची प्रत्येक दुरुस्ती त्यांनी वहीत नोंदवून ठेवली होती. त्या वहीची पाने उलटताना मला माझे वडील आठवले. कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात जुळलेल्या डॉज आणि प्लिमथ गाड्यांबद्दल ते असेच तपशिलाने बोलत, आणि माझे अमेरिकी गाड्यांचे वेड तिथूनच आले आहे.

या गाडीचा त्यांना सर्वांत मोठा अभिमान होता तो ट्राय-पॉवरचा, म्हणजे इंजिनासाठी हवा आणि पेट्रोल मिसळणाऱ्या, एका रांगेतल्या तीन रोचेस्टर कार्बोरेटरांचा. त्या वर्षी चार नळ्यांच्या एकाच कार्बोरेटरवर हे इंजिन ३३५ अश्वशक्ती देई, तर ट्राय-पॉवरवर ३६०. एअर क्लीनर काढताच माझी नजर मधल्या कार्बोरेटरवर थांबली. १९६५पर्यंतच्या संचात मधला कार्बोरेटर बाजूच्या दोघांपेक्षा लहान असतो, आणि इथे तो त्यांच्याइतकाच मोठा, म्हणजे १९६६च्या घडणीचा होता. मग मी इंजिनाच्या ब्लॉकच्या, म्हणजे मुख्य सांगाड्याच्या, पुढच्या तोंडावरचा, उजव्या सिलिंडर-हेडखालचा भाग काळजीपूर्वक पुसला. तिथे डब्ल्यूटी ही अक्षरे ठोकलेली होती. हाताने गिअर टाकायच्या गाडीत ट्राय-पॉवर असेल तर तिथे डब्ल्यूएस हवे. डब्ल्यूटी म्हणजे एका कार्बोरेटरचे इंजिन.

आता प्रश्न ट्राय-पॉवरपुरता राहिला नव्हता. मुळात गाडी तरी जीटीओ आहे का, याचे उत्तर कारखान्याच्या बिलातच मिळणार होते, आणि अशा बिलांच्या प्रती पॉन्टिअक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून मिळतात. मालकांच्या संमतीने मी ती मागवली. वाट पाहताना मी त्यांना दोन्ही खुणा दाखवल्या. अहवाल पाठवून मोकळे होण्यापेक्षा अशी गोष्ट माणसाला गाडीपाशी उभे राहून सांगावी, असे माझे मत आहे. ते टॉर्च घेऊन स्वतः वाकले, ती दोन अक्षरे त्यांनी पुन्हा पुन्हा वाचली आणि आपल्या वहीत उतरवून घेतली. पूर्वीच्या मालकाने ट्राय-पॉवर कारखान्यातूनच बसवून आल्याचे त्यांना सांगितले होते. तो खोटे बोलला असेलच असे मला वाटत नाही, कारण हे संच विक्रेत्यांकडे सुटेही मिळत, आणि कदाचित त्यालाही तसेच सांगितले गेले असेल.

प्रत आली तेव्हा मी ती त्यांच्याच हाती दिली. जीटीओचा संच त्यात स्पष्ट नोंदवलेला होता, चार गिअरही होते, आणि ट्राय-पॉवरचा उल्लेख कुठेच नव्हता. आपली गाडी खरी जीटीओ आहे हे त्यांना आयुष्यात प्रथमच कागदावर दिसत होते, कारण तोवर त्यांच्याकडे केवळ परिचिताचा शब्द होता. मूल्यांकनाचा आकडा यामुळे खाली येईल, हे मी त्यांना आडपडदा न ठेवता सांगितले. त्यावर, ट्राय-पॉवर नंतर बसवलेला आहे हे अहवालात पहिल्याच पानावर लिहा, म्हणजे पुढे मुलीने गाडी विकली तर घेणाऱ्याची फसगत होणार नाही, एवढेच त्यांनी मला सांगितले.

निघण्यापूर्वी त्यांनी आणखी एक काम दिले. मुळात या इंजिनावर कार्टर एएफबी कार्बोरेटर असणार, तेव्हा १९६५च्या योग्य क्रमांकाचा कार्टर आणि त्याला जुळणारा बिडाचा मॅनिफोल्ड, म्हणजे कार्बोरेटरमधले मिश्रण सिलिंडरांपर्यंत नेणारा भाग, शोधून द्यावा, असे त्यांनी सुचवले. तीन कार्बोरेटरांचा संच मात्र विकायचा नाही, तेलाचा हात फिरवून गाडीसोबतच ठेवायचा. मॅनिफोल्ड मिळाला आहे, आणि कार्टरचा शोध मी स्वतः घेत आहे.