वॉशिंग मशीनचं बेरिंग

रविवारी दुपारी आख्खं घर झोपलेलं आणि मी लॅपटॉप पोटावर ठेवून 'द फ्लाइंग स्कॉट्समन' बघितला. २००६ चा पिक्चर आहे, मोठ्या स्टुडिओचा नाही, आणि सबटायटल लावूनच बघा, कारण ते लोक इंग्रजी बोलतायत हे मला पहिली दहा मिनिटं कळलंच नव्हतं.

गोष्ट खरी आहे. ग्रॅम ओब्री म्हणून स्कॉटलंडचा सायकलवाला. सायकलचं दुकान टाकलं, ते बुडालं, घरी बायको आणि तान्हं पोरगं, आणि अशा टायमाला माणूस एखादी नोकरी बघेल ना, तर या पठ्ठ्यानं ठरवलं की एका तासात जास्तीत जास्त सायकल मारायचं जे जागतिक रेकॉर्ड आहे ते आपण मोडायचं. तेव्हा ते इटलीच्या फ्रान्सेस्को मोझरच्या नावावर होतं, १९८४ पासून, ५१.१५१ किलोमीटर. सातारकराला समजेल असं सांगायचं तर सातारा ते कराड. सायकलवर. एका तासात. आपली एसटी पण स्टँडातून बाहेर पडेपर्यंत पंधरा मिनिटं खाते.

आणि सायकल कुठली, तर घरीच बनवलेली. त्याचं म्हणणं, दोन्ही पाय एकमेकांच्या जितके जवळ तितकं बरं, मधे एका केळ्याएवढं अंतर पाहिजे. आता एवढं जवळ घ्यायचं तर पायडलचा नेहमीचा एक्सल बसेना, म्हणून वॉशिंग मशीनचं बेरिंग काढून घातलं. का, तर मशीन मिनिटाला १२०० फेऱ्या मारतं म्हणजे बेरिंग चांगलंच असणार! गुडघे घासतात म्हणून मधली दांडीच काढून टाकली. हात छातीखाली दुमडायचे आणि हनुवटी हँडलच्या पुढं, म्हणजे लांबून बघितलं तर माणूस सायकलवरून पडायच्या बेतात आहे असंच वाटतं. मी हे सगळं उत्साहात बायकोला सांगितलं. ती म्हणाली, आपल्या मशीनला हात लावायचा नाही.

पण मला लिहायचंय ते वेगळंच.

जुलै १९९३, नॉर्वेमधलं हामार गाव. ओब्री नवीन चकचकीत बनवून घेतलेल्या सायकलवर ट्रॅकवर उतरला आणि जवळजवळ एक किलोमीटरनं कमी पडला. संपलं. असा तास सायकल मारल्यावर माणूस चार दिवस जिना चढू शकत नाही, आणि हा म्हणतो उद्या सकाळी परत. आता रात्रभर झोपलं तर पाय लाकडासारखे आखडणार, म्हणून त्यानं काय केलं, तर घटाघटा पाणी प्यायला. म्हणजे दर दोन तासानं लघवीला उठावंच लागेल, आणि उठलं की पाय ताणून घ्यायचे, परत पाणी, परत झोप. सकाळी आपली तीच जुनी घरची सायकल काढली आणि ५१.५९६! सहा दिवसांनी इंग्लंडच्या ख्रिस बोर्डमननं ते रेकॉर्ड मोडलं सुद्धा, ५२.२७०, पण ते जाऊ दे.

पिक्चरवाले अशा ठिकाणी बॅकग्राउंडला व्हायोलिन लावतात, जिद्द वगैरे. मला मात्र तो माणूस रात्री दोनला संडासात उभा आहे हेच डोक्यातून जाईना.

कारण माझं फ्लेक्सचं दुकान २०२० साली बंद झालं. मशीन विकलं, गाळा सोडला, आणि त्यानंतरचे सहा-सात महिने मी सकाळी उठून परत झोपायचो. लोक घरी येऊन सांगायचे, खचू नको, नव्यानं सुरू कर. अरे पण सकाळी उठायचं कसं ते कुणी सांगेना. पिक्चर सुरूच होतो तो ओब्री जीव द्यायला जंगलात निघालाय तिथून, आणि रेकॉर्ड झालं म्हणून तो बरा होतो असं पण दाखवलेलं नाही, हे मला फार पटलं. जॉनी ली मिलरनं काम असं केलंय की जिंकल्यावरही त्याच्या तोंडाकडं बघून आपल्याला काळजीच वाटते. सायकलिंगच्या जागतिक फेडरेशनचे साहेब मात्र अगदी जुन्या पिक्चरमधल्या खलनायकासारखे केलेत, तेवढं खटकलं. पण ओब्रीची ती बसायची पद्धत त्यांनी १९९४ ला खरोखरच बंद केली होती, मग यानं हात पुढं लांब करून बसायची दुसरी पद्धत काढली आणि १९९५ ला परत वर्ल्ड चॅम्पियन. ती पण नंतर बंद केली!

तर मी साडेचार हजाराची जुनी गिअरची सायकल घेतली. मेकॅनिक काकांनी बॉटम एक्सल खोलला तर आत ग्रीसचा काळा डिंक. छर्रे रॉकेलच्या ताटलीत टाकले, बोटानं मोजले, एका बाजूला अकरा पाहिजेत तर नऊच निघाले. काका म्हणाले, "दोन छर्रे कमी असून चालत होती बघा." मला उगाचच बरं वाटलं.

सोमवारी पहाटे बोगद्याकडनं यवतेश्वरचा घाट चढायला घेतला. दुसऱ्या वळणावर उतरलो, छातीचा भाता झालेला. फिरायला निघालेले एक आजोबा मला मागं टाकून पुढं गेले आणि वळून म्हणाले, "काय ओ, हवा कमी आहे का?" सायकलची का माझी ते विचारलं नाही. तिथूनच खाली आलो.

रात्री दोन तांबे पाणी प्यायलो. दीडला उठलो, साडेतीनला उठलो, अंधारात पाय ताणताना टीपॉय पाडला, पाचला उठलो तर परत झोपण्यात अर्थच नव्हता. त्या दिवशी तिसऱ्या वळणापर्यंत गेलो, पुढं ढकलत. आजोबा आले नव्हते.

बुधवारीही तेच. गुरुवारी सकाळी चहा देताना बायको म्हणाली, "अहो, एकदा शुगर तपासून घ्या, रात्री सारखं उठताय."