मेनफ्रेमला जोडताना सर्टिफिकेटची तपासणी बंद करू नका
आमच्या ऐरोलीच्या ऑफिसात टीममध्ये एक नवीन मुलगी आलीये, कॉलेज संपून जेमतेम सहा महिने झालेत, तिने मागच्या आठवड्यात विचारलं की दादा, पोर्ट २३ वर साध्या टेलनेटने मेनफ्रेमचं (कंपनीच्या मोठ्या मध्यवर्ती कॉम्प्युटरचं) टेस्ट मशीन उघडतंय ना, मग एन्क्रिप्शनवालं पोर्ट ९९२ कशाला, आणि वायरशार्कमध्ये (नेटवर्कवरून जाणारा डेटा दाखवणारा प्रोग्राम) बघितलं तर पासवर्ड कुठेच दिसत नाही, नुसता कचरा दिसतो. सुरुवातीला मलाही हेच वाटायचं.

पण तो कचरा नाही, तो एबसिडिक आहे. मेनफ्रेमवर अक्षरांचे कोडच वेगळे असतात, आपल्या लॅपटॉपच्या आस्कीत कॅपिटल ए म्हणजे हेक्स ४१, तिकडे सी१, आणि आकडे एफ० ते एफ९. तिच्याच कॅप्चरमधले पाच बाइट कागदावर घेतले, ई३ सी५ ई२ ई३ एफ१, शेजारी कोडचा तक्ता ठेवला आणि तिनेच एकेक अक्षर लावत वाचलं, टी ई एस टी १. गप्पच झाली. नेटवर्कवर मधे बसलेल्या कोणालाही एवढंच करायचंय, कुलूप वगैरे काही फोडायचं नाहीये.

मग सेटअपला बसलो. मी सी३२७० हा मेनफ्रेमला जोडणारा प्रोग्राम वापरतो, टर्मिनलमध्येच चालतो, कमांडमध्ये होस्टच्या नावाआधी कॅपिटल एल आणि कोलन टाकायचं म्हणजे टीएलएस, म्हणजेच लाइनचं एन्क्रिप्शन, चालू होतं, नावानंतर कोलन देऊन ९९२. (एसएसएचने पण मेनफ्रेमवर जाता येतं, पण तिथे युनिक्सचा शेल मिळतो, टीएसओचा, म्हणजे मेनफ्रेमवर नेहमी काम करतो तो, स्क्रीन नाही.) एंटर मारलं आणि सर्टिफिकेट एरर, कारण आमचं सर्टिफिकेट कंपनीच्या स्वतःच्या सीएने (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) सही केलेलं, लॅपटॉप त्याला ओळखतच नाही. इथे बरेच जण होस्टच्या नावाआधी वाय कोलनही लावतात, तपासणीच बंद, कनेक्शन लगेच लागतं. कृपा करून असं करू नका. लाइन एन्क्रिप्ट होते खरी, पण पलीकडे आपलंच मशीन आहे की दुसरं कोणी हे कळायला काही मार्गच उरत नाही.

सिक्युरिटी टीमकडे सीएचं सर्टिफिकेट मागा. आम्हाला त्यांनी ते रॅकफमधून (मेनफ्रेमची सिक्युरिटी सिस्टिम) बेस६४मध्ये एक्स्पोर्ट करून डेटासेटचं (मेनफ्रेमवरच्या फाइलचं) नाव दिलं, आमच्या नवीन मुलीने ती फाइल बायनरीमध्ये, म्हणजे बाइट जसेच्या तसे, उतरवली आणि ओपनएसएसएलला (सर्टिफिकेट तपासणारं सॉफ्टवेअर) ती वाचताच येईना, अर्धा तास त्यात गेला. परत तेच एबसिडिक! बेस६४ म्हणजे शेवटी टेक्स्टच, तर टेक्स्ट मोडमध्येच उतरवायचं म्हणजे अक्षरं बदलून येतात. तसं केल्यावर फाइलची पहिली ओळ नीट दिसली, सी३२७०च्या सीएफाइल ऑप्शनला त्या फाइलचा पाथ दिला आणि वाय कोलन न लावता लॉगऑनचा स्क्रीन आला.

आत गेल्यावर तिने पहिलं काम काय केलं तर टेस्ट आयडीचा पासवर्ड बदलला, मी सांगायच्या आधीच.