अर्धाच मासा

सॅम्पलचा शर्ट हातात आला तेव्हा माशाला शेपूट नव्हती. डोकं होतं, छातीवरचं चिलखत होतं आणि त्याच्या मागे नुसता काळा कपडा. फाइलमध्ये मासा पूर्ण होता. तीन आठवडे त्याच्यामागे घालवले होते, त्यामुळे हे मी शपथेवर सांगू शकते.

काम असं होतं: काळ्या शर्टावर छातीभर, अंगावर येणारा, प्राचीन समुद्रातला शिकारी. असं म्हणणाऱ्या दहातल्या नऊ जणांना खरं म्हणजे मोठा शार्क हवा असतो. मी डंक्लिऑस्टियस सुचवला. नाव धड उच्चारता येत नाही, एवढ्यावरच गिऱ्हाईक खूश. सुमारे ३६ कोटी वर्षांपूर्वीचा, डेव्होनियन काळाच्या अखेरचा मासा. डोकं आणि छाती हाडांच्या जाड पत्र्यांनी मढवलेली. आणि दात नाहीत. जबड्याच्या हाडांचीच पाती झालेली, अडकित्त्यासारखी; एकमेकांवर घासून त्यांना आपोआप धार लागत राहायची. तोंड उघडायला सेकंदाचा साधारण पन्नासावा भाग पुरायचा, त्यामुळे पाण्याबरोबर भक्ष्यही आत ओढलं जायचं.

सगळ्यात जास्त वेळ मी या तोंडाला दिला. बहुतेक चित्रांत फक्त खालचा जबडा लोंबताना दिसतो. प्रत्यक्षात डोक्याचं अख्खं कवच मानेच्या सांध्यावर मागे उचललं जायचं. तो सांधा नीट बसवला की चित्रात एकदम वजन येतं. नाही बसवला तर मासा जांभई देतोय असं वाटतं. डोळ्याभोवती हाडाच्या चार तुकड्यांचं कडं असतं, तेही मोजून चार काढलं. छापल्यावर ते नखाएवढं दिसणार होतं, तरीही.

यावर अभिप्राय आला: दात कमी दिसतायत. आमच्याकडे गिऱ्हाइकाशी बोलणारा एक मुलगा आहे. त्याचं काम म्हणजे निरोप इकडून तिकडे नेणं, आणि नेताना थोडा बिघडवणं. तो म्हणाला, "शार्कचे लाव ना ताई, कोणाला कळतंय?" मला कळतंय, हे उत्तर आमच्या ऑफिसात चालत नाही.

मग लांबीचा वाद. त्यांना शेजारी एक पाणबुड्या हवा होता, मुंगीएवढा, आणि खाली 'दहा मीटर' असा मजकूर. जुन्या पुस्तकांत आठ-दहा मीटर सर्रास सापडतात, त्यांचाही दोष नाही. पण २०२३ मध्ये जीवाश्मांचे अभ्यासक रसेल एंगलमन यांनी डोक्याच्या मापांवरून नव्याने हिशेब मांडला, तेव्हा मोठी वाढ झालेला मासा साडेतीन मीटरच्या आसपास आणि सर्वांत मोठा चारच्या जरा वर निघाला. शिवाय लांबोडका नाही, ट्यूनासारखा आखूड आणि गच्च. मी हे कळवलं. उत्तर आलं, "मग घाबरायचं कशाला?" चार मीटरचा मासा आणि तोंडात पाती, अजून काय हवं होतं कोणास ठाऊक. शेवटी तडजोड झाली: पाणबुड्या गेला, मजकूर गेला, मासा राहिला.

आता शेपटीकडे येते, कारण खरी गोम तिथेच आहे. अमेरिकेत ओहायो राज्यात, ईरी सरोवराच्या काठी, १८६७ मध्ये जे टेरेल नावाच्या हौशी जीवाश्म-संग्राहकाला या माशाचे अवशेष मिळाले. तेव्हापासून मिळत आलंय ते प्रामुख्याने हेच, डोकं आणि चिलखत. मागचा सांगाडा कूर्चेचा, तो दगडात टिकला नाही. जुने चित्रकार कॉकोस्टियस नावाच्या त्याच्या हातभर लांबीच्या नातेवाइकाचं शरीर मोठं करून त्याला जोडायचे. २०२२ मध्ये मोरोक्कोतल्या अशाच एका चिलखती माशाची माहिती प्रसिद्ध झाली, शरीराच्या बाह्यरेषेसकट, चंद्रकोरीसारख्या शेपटीसकट. मी त्याचा आधार घेतला. पण आधार म्हणजे पुरावा नव्हे, आणि तिथे ठाम रेघ मारायला माझा हात धजेना. म्हणून चिलखतापर्यंत कडक रेषा, आणि त्यामागे अंग हळूहळू अंधारात विरत गेलेलं, बारीक ठिपक्यांनी. सगळ्यांना सांगितलं की हा मूड आहे.

काळ्या कपड्यावर विरणं म्हणजे पांढऱ्या शाईचे ठिपके लहान लहान होत जाणं. छपाईच्या जाळीवर, म्हणजे स्क्रीनवर, उजेडाने कडक होणाऱ्या इमल्शनचा थर असतो; त्यावर चित्राची पारदर्शक फिल्म ठेवून उजेड देतात. फिल्मवर ठिपका काळा असतो. तो उजेड अडवतो, तेवढ्या जागची इमल्शन मऊ राहते, पाण्याने धुतली की तिथे भोक पडतं आणि त्यातून शाई उतरते. ठिपका फारच बारीक असेल तर उजेड कडेने खाली शिरतो, इमल्शन कडक होते आणि भोक पडतच नाही. माझी शेपूट शंभरात आठ भाग शाई, म्हणजे आठ टक्क्यांना सुरू होऊन दोनला संपत होती. मॉनिटरवर सुरेख दिसत होती. मॉनिटर गोड बोलतो.

छापणारे काका शर्ट झटकत म्हणाले, "ताई, एवढे बारीक ठिपके स्क्रीन धरत नाही, किती वेळा सांगायचं?" सांगितलं होतं, खरंच. मग थोड्या वेळाने, दुसरीकडे बघत, "लाइटही जरा जास्त बसला असेल."

मी शर्ट टेबलावर पसरून बघत बसले. छपाई नेमकी चिलखताच्या मागच्या कडेला थांबली होती. खडकात जेवढा मासा उरला, तेवढाच शर्टावर उतरला होता. असाच ठेवू या, असं मी दुपारभर सगळ्यांना सांगून पाहिलं. काकांना पटलं, पण फेरछपाई वाचत होती म्हणून. त्या मुलाने फोटो पुढे पाठवला, आणि दोन मिनिटांत उत्तर आलं: अर्धाच मासा का?

मग ठिपके पुसले. पाठीपासून शेपटीपर्यंत एक सलग जाड रेघ ओढली, चंद्रकोर काढली, मधे दोन सपाट रंग भरले. तीन आठवडे हात धजत नव्हता, ते काम तासाभरात झालं. दुसऱ्या सॅम्पलवर एकूण एक रेघ उतरली. काका खूश.

संध्याकाळी निरोप आला: शेपूट परफेक्ट. डोकं जरा विचित्र वाटतंय, ते तेवढं बदलता येईल का?