एकाआड एक

"मॅडम, फोनवर सांगून कळायचं नाही. गोदामात या आणि डोळ्यांनी बघा," तासगावची पार्टी म्हणाली. मार्चचा शेवट, बेदाण्याचे सौदे जोरात चाललेले, आणि त्यांना आमच्याकडून १५ किलोच्या पाच प्लाय, म्हणजे पाच थरांच्या पुठ्ठ्याच्या, छापील पेट्या ४,००० हव्या होत्या. पैकी १,४०० गेल्या होत्या. कुपवाड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात क्वालिटी मी बघते, म्हणजे तक्रार आली की जायचं मी.

गोदामात त्यांनी दोन पेट्या शेजारी ठेवल्या. एकीवरचा द्राक्षाचा घड हिरवागार, दुसरीवरचा शेवाळलेल्या हौदासारखा. जवळून पाहिलं तर हिरव्यात बारीक बारीक तपकिरी ठिपके, जणू शाई काही ठिकाणी बसलीच नव्हती. गंमत म्हणजे दोन्हींवर काळी अक्षरं झकास होती. त्या काळ्यानेच आम्हाला पुढचे दोन दिवस फसवलं. काळं चांगलं, हिरवं वाईट, म्हणजे दोष हिरव्या शाईचा, असं सरळ गणित आम्ही मांडलं.

आमचे मशीन चालवणारे मामा २२ वर्षं प्रिंटर-स्लॉटरवर, म्हणजे पुठ्ठा छापून खाचा पाडणाऱ्या मशीनवर, आहेत. त्यांचं म्हणणं, "शाई बदला." मी बी-फोर कप घेऊन शाईचा घट्टपणा मोजला: तळाच्या भोकातून कप रिकामा व्हायला लागतात तितके सेकंद. सकाळी २२ सेकंद भरणारी शाई दुपारी तीनला चांगलीच जड झाली होती आणि मामा मगाने पाणी ओतत होते. पीएच बघितला तर ८.१. पाण्याच्या शाईतलं रेझिन (रंगाला कागदावर धरून ठेवणारा पदार्थ) विरघळलेलं राहतं ते तिच्यातल्या अमोनिया किंवा अमाइनमुळे. पत्र्याच्या शेडमधली गरमी आणि वर फिरणारे पंखे यांनी ते उडून जातं, पीएच खाली येतो आणि शाई घट्ट व्हायला लागते. ८.५ ते ९.५ च्या आत ती खूश असते. अशा वेळी पाणी ओतलं की ती पातळ होते खरी, पण रंगही पातळ होतो. शाई कंपनीने दिलेलं द्रावण घालून पीएच ९ वर आणला, नवा डबा फोडला. मामांनी तोंड वाकडं केलं, पण हिरवं थोडं सुधारलं.

थोडंच. ठिपके तसेच.

मग स्टिरिओ धुतला. (म्हणजे छपाईची प्लेट. ती आता फोटोपॉलिमरची असते, पण आमच्या धंद्यात तिला अजून स्टिरिओच म्हणतात.) घडाच्या बारीक रेघांत वाळलेली शाई होती, ती निघाली. फरक नाही. शेवटी मामांनी आपला हुकमी उपाय काढला: इम्प्रेशन वाढवलं, म्हणजे स्टिरिओ बोर्डवर, पेटीच्या सपाट पुठ्ठ्यावर, जास्त दाबला. ठिपके भरले, पण घडाच्या कडेने गडद किनार फुटली आणि आडव्या पट्ट्यात पन्हाळी पत्र्यासारख्या रेघा उमटल्या. आतल्या फ्लूटच्या (पुठ्ठ्यातल्या नागमोडी थराच्या) डोंगरावर दाब जास्त, दरीत कमी, म्हणून रेघा येतात. त्यात दाबाने फ्लूट चेपला की पेटीची ताकदही जाते. थप्पीत खालची पेटी बसली तर तिच्यावरच्या हिरव्याचं कौतुक कुणाला असणार? मी दाब परत कमी करायला लावला. मामा गप्प झाले, म्हणजे रागावले.

उलगडा केला तो मशीनच्या मागे बोर्ड उचलणाऱ्या पोराने. "मॅडम, एक चांगला येतोय, एक घाण येतोय. एकाआड एक."

मी त्याच्या शेजारी उभी राहून २० बोर्ड मोजले. चांगला, वाईट, चांगला, वाईट. अगदी ओळीने. त्याच मिनिटाची शाई, तोच स्टिरिओ, तेवढाच दाब. या सगळ्यांपैकी एकाचाही दोष असता तर वाईटपणा सलग आला असता. बोर्डागणिक बदलणारी वस्तू एकच होती: वरचा कागद.

शीट कटरवर आम्ही दोन रीळ एकदम लावतो, वेळ वाचतो म्हणून. दोन्हींचे कागद एकावर एक कापले जातात आणि पेस्टिंगला, म्हणजे बोर्डवर चिकटवायला, त्याच क्रमाने जातात. दोन्ही रीळ १८० जीएसएम (वजन), १८ बीएफ (ताकद). मिल मात्र वेगळ्या. खरेदीवाल्यांनी बिलं पुढे केली: "सेम टू सेम आहे मॅडम." बिलावर सेमच होतं. वजन आणि ताकद बिलावर लिहितात, कागद पाणी किती पितो ते कुणी लिहीत नाही.

ऑफिसातल्या औषधाच्या बाटलीचा ड्रॉपर आणला. दोन बोर्ड टेबलावर मांडले आणि दोन्हींवर एकेक थेंब सोडला. एकावर तो अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा टुमटुमीत बसून राहिला, मिनिट उलटून गेलं तरी. दुसऱ्यावर मोबाइलचं घड्याळ ७ सेकंदांवर असताना थेंबाचा नुसता काळा डाग उरला होता. कागद बनवताना पाणी अडवायला सायझिंग घालतात, ते दुसऱ्यात कमी पडलेलं. असा तहानलेला कागद शाईतलं पाणी पितो आणि त्याबरोबर रंगही धाग्यांत ओढून घेतो, वर राहतो तो फिकटपणा. शिवाय त्याचा मूळ तपकिरी रंग गडद होता. आमचं हिरवं काही पूर्ण झाकणारं नसतं, खालचा तपकिरी त्यातून डोकावला की शेवाळ. काळ्याला याचं काही वाटत नाही, ते दोन्हींवर काळंच.

याच्या उलटंही असतं. कागदाने पाणी घेतलंच नाही तर शाई वाळत नाही, कारण आमच्याकडे ती मुख्यतः कागदात मुरूनच वाळते. म्हणजे दोन कागदांना एकच शाई, एकच सेटिंग बसणं शक्यच नव्हतं, आणि आम्ही दोन दिवस तेच शोधत होतो.

उरलेले २,६०० बोर्ड वेगळे कसे करायचे? प्रत्येकावर थेंब टाकत बसले तर बेदाण्याचा हंगाम संपेल. पेस्टिंगच्या मावशींना विचारलं. त्यांनी दोन बोर्डांवरून नुसता तळवा फिरवला. "ह्यो गुळगुळीत, ह्यो खरखरीत. आम्हाला पयल्या दिवशीच कळालंतं." मग सांगितलं का नाही? "कुणी इचारलं?"

चार जणींनी दुपारभरात थप्प्या लावल्या. मी दर दहाव्या बोर्डवर थेंब टाकून पडताळत होते. सगळ्यांत मिळून तीन चुका निघाल्या. खरखरीत थप्पीसाठी मामांनी हिरवी शाई वेगळी केली: रंग जास्त, पाणी नाही, बी-फोरला २८ सेकंद, आणि दाब कागदाला जेमतेम टेकेल एवढाच. पहिला बोर्ड बाहेर आला तेव्हा ते काही बोलले नाहीत, फक्त माझ्या हातात दिला. दोन्ही थप्प्यांतलं हिरवं जुळं नव्हतं, पण चुलत भाऊ म्हणून खपलं असतं. पार्टीने १,४०० मधल्या वाईट पेट्यांचे पैसे कापले, बाकीच्या घेतल्या.

आता वरच्या कागदाचे दोन मिलचे रीळ एकदम लावत नाहीत. नवं रीळ उतरलं की मी ड्रॉपर घेऊन जाते. खरेदीवाले मला "थेंबवाल्या मॅडम" म्हणतात. मामांना मी दुसरा ड्रॉपर दिला होता. त्यांनी तो खिशात टाकला, जिभेला बोट लावलं, रिळावर दाबून धरलं आणि डोळे बारीक करून बघत राहिले.

"मामा, ड्रॉपर दिलाय की."

"आमचा कायम भरलेला असतोय, मॅडम."