सांगलीच्या माळ्यांवर कोऱ्या कॅसेट्स

सांगलीत जुनी कोरी कॅसेट हाती आली, तर कंपनी नंतर बघा, आधी पुराची खूण शोधा. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी 45 फूट आहे. ऑगस्ट 2019 मध्ये पाणी 57 फुटांवर गेलं आणि पेठेतल्या कितीतरी दुकानांचा तळमजल्यावरचा माल भिजला.

हे ठाऊक असूनही पहिल्या दिवशी मी चुकलो. एका दुकानाच्या खालच्या कपाटात टीडीके कंपनीच्या पाच डी-60, म्हणजे साठ मिनिटांच्या कॅसेट्स मिळाल्या, वेष्टनासकट, 600 रुपयांना. रात्री लॉजवर एक उघडली. आतल्या कागदाच्या कडेला तपकिरी रेघ होती आणि डेकच्या हेडवर, म्हणजे टेप वाचणाऱ्या भागावर, टेप दाबून धरणाऱ्या नमद्यामागच्या पत्र्याला गंज चढला होता. वेष्टनाच्या घड्यांतून पाणी शिरतं. अशी कॅसेट डेकमध्ये घालू नका, गाळाचे कण हेड खरवडतात.

दुसऱ्या दिवशी गणपती पेठेच्या बाजूला एका जुन्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात मी सरळ माळ्याबद्दलच विचारलं. काकांनी शिडी लावून दिली. "वर काय असंल ते बघा की, धूळ लई हाय." खोकं उघडलं आणि मी तिथंच बसकण मारली.

वरच बीएएसएफ होती. जर्मनीतल्या लुडविग्सहाफेनची ही रसायन कंपनी. जगातला पहिला व्यवहारात वापरता येणारा टेपरेकॉर्डर, एईजी या जर्मन कंपनीचा मॅग्नेटोफोन, 1935 साली बर्लिनच्या प्रदर्शनात मांडला गेला, तेव्हा त्याची टेप हिनेच बनवली होती. पुढे 1963 मध्ये फिलिप्सने कॅसेट जगापुढे आणली तीही बर्लिनमध्येच. माझ्या हातातल्या कॅसेटवर 'एसएम' लिहिलेलं होतं, म्हणजे स्पेशल मेकॅनिक. आत प्लॅस्टिकचे दोन हात असतात, ते टेपची गुंडाळी सरळ ठेवतात. प्रकाशात धरली की दिसतात.

खाली टीडीके एसए. टीडीकेची स्थापनाही 1935 चीच, टोकियोत, पण टेपसाठी नव्हे, फेराइट या चुंबकीय पदार्थाचं उत्पादन करायला. 1975 मध्ये आलेल्या एसएला अनेक दुकानदार 'क्रोम' म्हणतात, पण तिच्यात क्रोमियम नाही, कोबाल्ट चढवलेला लोह ऑक्साइड आहे. ती चालते मात्र डेकवरच्या क्रोमच्याच सेटिंगवर. ओळखायची तर कॅसेटची मागची कड बघा: मोडल्या की नवं रेकॉर्डिंग होत नाही अशा प्लॅस्टिकच्या चिवट्यांच्या शेजारी आणखी एकेक खाच असते.

त्याखाली मॅक्सेल. हे नाव मुळात बॅटरीचं, 'मॅक्झिमम कपॅसिटी ड्राय सेल'वरून आलेलं. तळाशी टी-सीरिजच्या कोऱ्या कॅसेट्स. परदेशी मालाच्या नादात त्या कोणी घेत नाही, मी सगळ्या घेतल्या. 1983 मध्ये सुरू झालेल्या या कंपनीचा माल आपल्याकडे घरोघरी होता, आणि सीलबंद नग आता शोधूनही सापडत नाही.

निघण्याआधी दोन-तीन गोष्टी. मूळ वेष्टन टोकांना घडी घालून चिकटवलेलं असतं, फाडायला बारीक पट्टी असते. कडा वितळल्यासारख्या दिसल्या तर कोणीतरी नव्याने गुंडाळलेली आहे. खिडकीतून टेपची गुंडाळी सपाट आणि चकचकीत दिसायला हवी, पांढरे ठिपके म्हणजे बुरशी. वापरायचीच असेल तर सी-120, म्हणजे 120 मिनिटांची कॅसेट टाळा. सी-60 ची टेप साधारण 18 मायक्रॉन जाड असते, सी-120 ची जेमतेम 9, ती ताणते आणि अडकते. छोटा टॉर्च, कोरडं फडकं आणि सुट्टे पैसे बरोबर ठेवा. नवरात्राच्या आत जा. दसऱ्याची झाडलोट झाली की माळ्यावरचं खोकं भंगारात जातं.

परतीची गाडी मिरजेहून धरली तर सतारमेकर गल्लीत चक्कर मारता येते, सांगलीपासून अंतर दहाएक किलोमीटर. तिथल्या एका कारागीरकाकांनी माझ्यासमोर डबा ठेवला. सोनीच्या वीसेक सी-90, पाठीवर शाईने रागांची नावं, आणि प्रत्येकीच्या दोन्ही चिवट्या मोडलेल्या. "पुसून वापरता येतील," असं म्हणून ते देऊ करत होते. चिवटी मोडणाऱ्याने ते गाणं पुसलं जाऊ नये म्हणूनच मोडलेली असते, हे मी त्यांना सांगितलं. डबा कोरड्या जागी उभा ठेवायला सांगून मी स्टेशनकडे निघालो.